बेला उन्हात जात नाही

वसई, ७ फेब्रुवारी १९८२

ती. क्लेमेंटदादास,
धाकट्या बेलाचा सा. न. वि. वि.

कुवेतची तुझी नोकरी कायम झाली म्हणून आईने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. इकडे मात्र नव्या बिल्डिंगांसाठी टँकरवाले गावचं पाणी उपसतायत. आपली विहीर मचूळ झाली, केळीची पानं कडेने करपली. परवा आम्ही बायका रस्त्यातच बसलो आणि टँकर रिकामे परत पाठवले. ड्रायव्हरांशी मीच बोलले.

संध्याकाळी गावच्या पाणी समितीची सभा होती. मी बोलायला उभी राहिले, तर अध्यक्ष आलोशियसकाका म्हणाले, उन्हात बसून आणखी काळी होऊ नकोस, आधीच तुला पाहायला आलेले परत गेलेत. सगळे हसले. मी बसले नाही, बोलत राहिले. पण पाण्याचं कोणी ऐकलंच नाही.

तुझ्या सोबत्याची बायको कसलंसं क्रीम लावून गोरी झाली, असं तू थेरेसाताईला लिहिलं होतंस. मलाही पाठव. लग्नासाठी म्हणत नाही. मी बोलताना लोकांनी माझ्या तोंडाकडे बघून हसू नये, एवढंच.

आमची आठवण ठेव, लोभ कमी करू नकोस.
तुझी बेला

---

कुवेत, २ मार्च १९८२

चि. बेला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी काकांचा राग आला, मग तुझा. लहानपणी तू बागेत लपलीस की शोधायला मला वेळ लागत नसे, कारण तू गप्प बसतच नव्हतीस. तुझा रंग आईचा आणि आवाजही आईचाच.

तरी तू मागितलंस आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालंय? गावी निघालेल्या सेबॅस्टियनबरोबर डब्या पाठवतोय. वरचं अरबी मला वाचता येत नाही. दुकानदार म्हणाला, रोज झोपताना लावायचं आणि उन्हात जायचं नाही. तेव्हा टँकर अडवायला छत्री घेऊन जा, ड्रायव्हर आणखी घाबरतील.

आईला नमस्कार. दूर आहे म्हणून परका करू नका.
तुझा दादा

---

वसई, १२ सप्टेंबर १९८२

ती. दादास,
बेलाचा सा. न. वि. वि.

रंग उजळला, दादा. बँकेतल्या युजीनशी लग्न ठरलं, नाताळानंतर. समितीनेही मला सभासद करून पुढची खुर्ची दिली. पाहुणे आले की हार घालायला मलाच उठवतात. पण परवा मी टँकरचं बोलायला उभी राहिले, तर काका मायेने म्हणाले, बस बाय, दमशील. आणि मी बसले. हसत होते तेव्हा तरी मी बसले नव्हते.

शेजारच्या प्रेमलताकाकू टँकर अडवायला बोलवायला येत. ऊन लागेल म्हणून मी जात नसे. आता त्या येत नाहीत.

हल्ली दमायला होतं. सकाळी डोळे सुजतात, चपला पायात जात नाहीत. आई म्हणते, लग्नाची काळजी. आणखी डब्या पाठव, लग्नापर्यंत पुरायला हव्यात.

तुझ्या मायेची,
बेला

---

वसई, २८ नोव्हेंबर १९८२

प्रिय क्लेमेंट,
येशू तुला धीर देवो.

तुला रजा मिळाली नाही, हे तुझ्या तारेवरून कळलं. बेलाला मंगळवारी माती दिली. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ती डबी तपासायला पाठवली. क्रीममध्ये पारा निघाला. तुला कळवावं की नाही, मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, कळव, नाहीतर तो आणखी कुणाला पाठवेल.

ती तुझ्यावर रागावली नव्हती. शुद्धीवर होती तोवर एकच विचारत होती, टँकर बंद झाले का? मी हो म्हटलं. ते आजही चालू आहेत.

मयताला सगळं गाव आलं. लग्नासाठी शिवलेला पांढरा झगा आम्ही तिला घातला. सूज उतरली होती. युजीनची आई पेटीशी वाकून म्हणाली, किती गोरीपान दिसते पोर. मग बाकीच्या बायकाही तेच म्हणू लागल्या. आईने त्यांना बाजूला केलं आणि पेटीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं.

माझी माया तुझ्यावर होती तशीच आहे. तुझीही आमच्यावर राहू दे.
तुझी थेरेसाताई