कोपर कुठे ठेवायचं

बाबा,

यंदा आपल्या ट्रॉय गावात थंडी लवकर आली आहे. आज शुक्रवार, शाळेच्या मैदानावरचा बँड घरापर्यंत ऐकू येतोय. अशा शुक्रवारी तुम्ही ऑफिसातून यायचात आणि टायसुद्धा न सोडता आईला म्हणायचात, "चल लवकर, मॅच आहे." खरं तर हा अमेरिकन, हातानं फेकायचा फुटबॉल तुम्हाला शेवटपर्यंत नीट कळला नाही. क्वार्टरबॅक म्हणजे कोण, हे मी तुम्हाला जेवताना समजावलं होतं: चेंडू आधी त्याच्याकडे येतो आणि पुढे कुणाकडे फेकायचा हे त्यानंच ठरवायचं, तेही अंगावर चार धिप्पाड पोरं धावून येत असताना. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून तुम्ही म्हणालात, "म्हणजे कप्तान आणि बोलर एकच? अवघड आहे रे." आणि ते अवघड काम मिळणार होतं मला, टीममधल्या सगळ्यात बुटक्या मुलाला.

कोच दोन होते. मुख्य कोच जाड मानेचा, कमी बोलणारा. त्याचा असिस्टंट तरुण, सतत च्युइंगम चघळणारा. तो फक्त आम्हा चेंडू फेकणाऱ्यांना शिकवायचा. फेकताना माझा हात आडवा, खांद्याच्या खालून जायचा. मुख्य कोचचं म्हणणं, समोरची उंच मुलं असा चेंडू सहज अडवतील; यानं कोपर वर घ्यावं, वर्षभर बाकावर बसून हात बदलावा, मग बघू. असिस्टंट म्हणायचा, त्याच्या हाताला हात लावू नका, याच वर्षी खेळवा, चुकेल आणि शिकेल. एक जण येऊन माझं कोपर वर करून जायचा, थोड्या वेळानं दुसरा येऊन खाली. शेवटी असं झालं की दहा पावलांवरच्या मित्राकडेही चेंडू सरळ जाईना.

त्या दुपारी तुम्ही मला न्यायला लवकर आला होतात. कुंपणाशी उभे आहात, गळ्यात कंपनीचा बिल्ला आहे, आणि माझ्या डोक्यावरून ते दोघं एकमेकांवर ओरडताहेत. "हा मुलगा म्हणजे तुझा प्रयोग नाही!" "आणि तुझ्या कारखान्यातला सुटा भागही नाही!" मी मधोमध, चेंडू पोटाशी धरून. तुम्ही सरळ आत आलात आणि अगदी नम्रपणे म्हणालात, की मला तुमचा खेळ कळत नाही, पण मुलाला काय करायचं ते कुणीतरी एकानंच सांगा. मुख्य कोच हसला. म्हणाला, "सर, हे आमच्यावर सोडा." बाकीची मुलंही हसली. तुमचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

गाडीत तुम्ही गळ्यातला बिल्ला काढून ठेवलात. मग विचारलंत, "तुला स्वतःला काय वाटतं?"

"काहीच वाटत नाही, बाबा. पूर्वी कोपर कुठे असायचं तेच आठवत नाही."

रविवारी तुम्ही मला उठवलंत आणि एका बंद ऑफिसच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेलंत. आईनं विणलेले लोकरीचे हातमोजे घालून तुम्ही लांब जाऊन उभे राहिलात. "टाक," म्हणालात. चेंडू तुमच्या छातीवर आपटला. "टाक." पुढचा हातमोज्यातून निसटला, तुम्ही त्याच्यामागे धावलात, ओव्हरकोट पंख्यासारखा फुलला. वर नाही, खाली नाही, फक्त "टाक." तासाभरानं चेंडू मळसूत्रासारखा गोल फिरत तुमच्या हातात आला, आणि तुम्ही त्या रिकाम्या लॉटमध्ये एकटेच "वा!" म्हणून ओरडलात. मग बर्फ पडेपर्यंत दर रविवार आपला झाला. तुमची करंगळी सुजायची, आई रागावून हळद लावायची आणि म्हणायची, "त्याला कोच आहेत ना दोन?"

पुढे त्यातला एकच उरला. असिस्टंट दुसऱ्या शाळेत गेला. जाण्याआधी घरी येऊन त्यानं आईच्या हातचे तिखट पोहे डोळे पुसत खाल्ले. बाकावरचं वर्ष संपल्यावर मी खेळलो. काही मॅच जिंकल्या, जास्त हरलो. कोपर शेवटी कुठे होतं कुणास ठाऊक. खेळताना मी फक्त चेंडू झेलणाऱ्या मुलाच्या जागी तुमचा ओव्हरकोट बघायचो. कुठल्याही कॉलेजनं मला खेळायला बोलावलं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "चालतंय. रविवारी काय करायचं?" मग मी ॲन आर्बरला शिकायला गेलो, रविवारी अभ्यास असायचा, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

हे मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. पण एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगतो. माझी मुलगी, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, परवा अंगणात चेंडू घेऊन आली. "डॅड, थ्रो मी वन?" तिच्या जागी मला तुमचा ओव्हरकोट दिसला. मी म्हटलं, खांदा दुखतोय गं.

बाबा, खांदा अजिबात दुखत नाही.