विमानाची ओटी

भोसरी,
ता. १२ सप्टेंबर १९५७

ती. सौ. मंजुळाअक्कास,
सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कांद्याची रोपं तरारली हे वाचून बरं वाटलं. दाजींचा खोकला काढ्याने हटत नसेल तर त्यांना चाकणच्या डॉक्टरांकडे ओढून ने. गोडीने ते जायचे नाहीत.

आमचे ठेकेदार अर्जुनराव यांनी लष्कराच्या मोडीतली सात विमानं दिघीच्या माळावर आणून ठेवली होती, हे तुला ठाऊक आहे. माल वाहणारी, दोन इंजिनांची, आणि पोट एवढं मोठं की लढाईत आम्ही त्यांना गाभण म्हैस म्हणायचो. त्यातली पाच गेली, मीच कापली. त्यांच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची जर्मनची पातेली होऊन बाजारात आलीसुद्धा. गौरीला तू घेतलेलं पातेलं कधीकाळी आसामचे डोंगर ओलांडून आलं असेल, काही नेम नाही.

आता दोन उरलीत. अक्का, पाचवं कापताना माझा हात चालेना. याच जातीच्या विमानात माल घेऊन आपला ज्योतीराम गेला आणि परत आला नाही. त्याला भरतीला नेणारा मीच. गवराकाकूला सरकारचा कागद आला, पण आपला लेक कशात बसून गेला हे तिनं कधी पाहिलं नाही. ही दोन्ही कापली तर तिला दाखवायला काय उरणार?

म्हणून भीत भीत अर्जुनरावांना विचारलं. ते म्हणाले, पुण्याच्या एका कॉलेजचे प्रोफेसर मुलांना शिकवायला एक विमान मागताहेत. दिवाळीनंतर बघायला येतील. नाकापासून शेपटीपर्यंत धड असलं तर नेतील, नाहीतर दोन्ही भट्टीत. तेव्हापासून एकाची मी रोज झाडपूस करतो. बाकीचे कारागीर मला विमानाचा गडी म्हणून चिडवतात.

खंडेनवमीला ये. हत्यारांच्या पूजेत यंदा विमानालाही हार घालणार आहोत. काकूलाही आण, पण जपून विचार.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे, कमी मात्र होऊ देऊ नकोस.

तुझा
सयाजी

---

म्हाळुंगे,
ता. २१ सप्टेंबर १९५७

चि. सयाजीस, अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, विमान पंख हलवून उडत असणार. मी म्हटलं, घार तरी कुठे हलवते, तासन् तास तशीच फिरते की. आमचं यावरून दोन दिवस वाजलं. कोण खरं ते लिही, आणि मीच खरी असेन तर मोठ्या अक्षरात लिही. आणखी एक, खाली पाऊस पडतो तेव्हा वर असलेल्या माणसाला काय दिसतं? आत बसलेल्याला तहान लागली तर? तू दोन वर्षं त्या विमानांत राबलास आणि यातलं एक अक्षर आम्हाला सांगितलं नाहीस. लढाईवरून आलास तो तोंड शिवूनच आलास.

गवराकाकूला विचारलं. ती भाकऱ्या थापत होती, हात थांबला नाही तिचा. एवढंच म्हणाली, की माझा ल्योक येनार हाय, मी मोकळी गाडी बघाया कशाला येऊ. मी तशीच परत आले. मला तिचा राग येत नाही रे, पण आमच्या अंगणातून तिची वाटेकडे लागलेली नजर दिसते आणि मी हातातलं काम टाकून आत जाते.

तरी तू म्हणतोस ते खरं. आज नाही म्हणते, उद्या विचारील. तेव्हा दाखवायला काहीतरी उभं पाहिजे. सांभाळ त्याला.

मी येणार. आळीतल्या चौघीजणीही हट्ट धरून बसल्यात. सगळ्यांना आत चढवायचं हं, खालून बघून समाधान व्हायचं नाही.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहे ती आहेच.

तुझी
अक्का

---

भोसरी,
ता. २९ ऑक्टोबर १९५७

ती. सौ. अक्कास,
सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

चार दिवसांपूर्वी भाऊबीजेला तुझ्याकडून ओवाळून घेतलं आणि आज असं पत्र लिहावं लागतंय.

काल झाडलोट करायला विमानात पार शेपटीपर्यंत गेलो, एरवी तिथवर जात नाही. तिथे खणाचा चिंध्या झालेला तुकडा, पोखरलेला नारळ, आणि तांदळाच्या जागी नुसत्या लेंड्या! अक्का, तू विमानाची ओटी भरलीस? खंडेनवमीला मी तुम्हा पाचजणींसाठी चहा सांगायला गेलो, तेवढ्या वेळात?

माळावरचे सगळे उंदीर तिथे जेवून गेले. तांदूळ संपल्यावर ते सुकाणूवर चढले. सुकाणू म्हणजे शेपटीचा उभा, इकडेतिकडे वळणारा भाग. तो पत्र्याचा नसतो, चौकटीवर ताणून शिवलेलं आणि रोगण दिलेलं कापड असतं ते. त्याला हातभर भोक पडलंय. दुसऱ्या विमानाचं काढून लावावं, तर त्याचं शेपूट गेल्याच आठवड्यात कापलं, तेही मीच. प्रोफेसर नऊ तारखेला येणार. अर्जुनरावांनी भोक पाहिलं आणि सोमवारी कापायचा गॅस तयार ठेवायला सांगितलं.

तू शिकलेली, चार बायकांना शहाणपण सांगणारी. तुझ्या हातून हे व्हावं? रागाच्या भरात लिहितोय, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. काकूला यातलं काही कळू देऊ नकोस.

सयाजी

---

म्हाळुंगे,
ता. १ नोव्हेंबर १९५७

चि. सयाजीस आशीर्वाद.

भरली मी ओटी. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. तू म्हणालास, हे आता पुण्याला कायमचं जाणार. नांदायला निघालेलीला कुणी रिकाम्या ओटीने पाठवतं का? तुला विचारलं असतं तर तू हसला असतास, म्हणून तू गेल्यावर भरली. पण जन्मभर कणगीतलं धान्य राखणाऱ्या बाईला उंदीर आठवू नयेत, याची मला शरम वाटते. चुकलं रे माझं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तू सांगितलेलं मी मोडलं आहे. काकूला तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं. दुसरा उपाय मला दिसेना. गावातल्या निम्म्या घरांत तिच्या हातची गोधडी आहे, आणि एकीचाही टाका अजून उसवलेला नाही. ज्योतीरामचं नाव मी मुद्दाम घेतलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग विचारलं, कापड ताणून शिवायचं का सैल? मी म्हटलं, ताणून. दोऱ्याला मेण लावाया लागंल, म्हणाली, आणि उठून दाभण शोधू लागली.

बुधवारच्या एस.टी.ने आम्ही येतोय. मांजरपाट आणून ठेव, आणि अर्जुनरावांच्या हातापाया पड. मला तिन्हीसांजेला परतावं लागेल, दाजी तापाने पडलेत. काकू मात्र राहील म्हणते. पण तिनं बजावलंय, की शिवीन बाहेर बसून, आत पाऊल टाकायची न्हाई. तू आग्रह करू नकोस.

रागावलास तरी भाऊच आहेस, हे मी धरून चालते.

तुझी
अक्का

---

भोसरी,
ता. १० नोव्हेंबर १९५७

ती. सौ. अक्कास,
सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

आधी दाजींचा ताप उतरला का ते कळव. मागच्या पत्रातली माझी भाषा विसर. माझीच मला लाज वाटते.

तू गेलीस त्यानंतर काकूने दीड दिवस शिवलं. अर्जुनरावांनी नऊ तारखेपर्यंत थांबायचं कबूल केल्यावर मी सुकाणू उतरवून माळावर बाजेवर ठेवलं होतं. ती खाली मान घालून टाके घालायची, विमानाकडे पाठ करून. बोट बोट अंतरावर एकसारखे टाके. शुक्रवारी रोगण दिलं, तर कापड ढोलासारखं वाजायला लागलं. अर्जुनराव येऊन दोनदा वाजवून गेले.

काल प्रोफेसर आले. माणूस फार चौकस. चाकापासून छतापर्यंत सगळं पाहिलं, मग चालकाच्या जागेवर बसून पायाने सुकाणू वळवलं, आणि ते वळलं! उतरून त्यांनी शिवणीवरून हात फिरवला आणि विचारलं, हे काम कुठल्या कारखान्यातून करून आणलं. मी काकूकडे बोट दाखवलं. त्यांनी टोपी काढून तिला नमस्कार केला. पुढच्या महिन्यात विमान नेणार. अर्जुनरावांनी हो म्हटलंय.

ते गेल्यावर मी हत्यारं गोळा करत होतो. काकू पाठीमागे येऊन उभी राहिली आणि दार कुठं हाय म्हणाली. मी शिडी धरली. आत गेल्यावर ती पार शेपटीपर्यंत चालत जाऊन परत आली. मग विचारलं, की ज्योतीराम कुठं बसायचा. दारालगतचा बाक मी खाली पाडून दाखवला. ती त्यावर बसली. खिडकीतून वाकून पाहिलं, इथून जमीन दिसत होती का विचारलं. मी खरं ते सांगितलं, की त्या दिवशी ढग होते. मग तिनं दोन्ही पाय पुढे पसरले, जातील तेवढे, आणि म्हणाली, की पाय लांब कराया जागा व्हती म्हनायची. केवढा उंच तो. मला वाटायचं, अवघडून बसला असंल.

अक्का, मी तिच्या पायाशी बसून रडलो. भरतीला मीच नेलं, हे तेरा वर्षांत पहिल्यांदा तिला तोंडाने सांगितलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं विचारलं, तो गेला त्या दिवशी तिथी कोणती होती.

मला तारीखच ठाऊक आहे, ५ डिसेंबर १९४४. गावच्या भटजींकडे जुनं पंचांग असेल, त्यातून तिथी काढून काकूला सांग. त्या दिवशी मी येतो. ज्योतीरामचं पान मांडायचं आहे.

लोभ असू दे. तुझ्या मायेचा मी कायमचा ऋणी आहे.

तुझा
सयाजी