फोटो पोचले, चिठ्ठ्या गळाल्या

चिमणे,

(तुला नातवंडं झाली म्हणून काय झालं, माझ्यासाठी तू चिमणीच.) थोरल्या बहिणीचे तुला पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? माझ्या गुडघ्यांची मी चौकशीच करत नाही, केली की दुखतात. भावजींचा खोकला गेला असेलच.

आता ऐक. जावईबापूंनी कोठीच्या खोलीत एक काळा डबा आणून ठेवलाय. सर्व्हर म्हणतात त्याला. (घुरघुर पंख्यासारखी, वारा मात्र नाही.) घरचे सगळे फोटो त्यात राहणार आणि तुम्ही आपापल्या घरून बघणार. आधी ते माझ्या जुन्या संगणकावर होते आणि प्रत्येकाला मी एका बोटाने टिप्पणी लिहिलेली: ही मोठी काकू, हा तिचा भाऊ, याला हस म्हटलं तर रुसला. वर्षभर खपले गं. जावईबापूंनी फोटो डब्यात नेले, भंगारवाल्याला निरोप धाडला, आणि मी बघते तर माणसं जागच्या जागी, पण नाव एकाचंही नाही. "आई, फोटो सगळे आलेत की," म्हणाले. मी म्हटलं, "आलेत, पण परके होऊन आलेत." आणि त्या संगणकावर शिलाई मशीनचं कव्हर घालून शेजारीच ठाण मांडलं. भंगारवाला हाका मारून गेला.

मग त्यांनी समजावलं. टिप्पणी फोटोच्या आत नसते, फाइलला बाहेरून जोडलेली असते. एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट म्हणतात. एवढंच ना? आपण शिवायला आलेल्या कापडाला मापाची चिठ्ठी टाचणीने लावतो, तसंच हे. डब्याने कापडं ठेवून घेतली आणि चिठ्ठ्या दारातच टाकल्या, कारण त्या घ्यायच्या हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. (जावईबापूंना ऑफिसात असलेच डबे सांभाळायचा पगार मिळतो. मी काही बोलले नाही. लेक बोलली.) त्यांनी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली, डबा बंद करून चालू केला. काही नाही. दारावर सांगितलं होतं, आतल्या कपाटाला, म्हणजे डिस्कला, सांगायचं राहिलं होतं. तेही सांगितलं. तरी नाही. शेवटी त्यांनीच कपाळावर हात मारला: चिठ्ठीविना आत गेलेले फोटो पुन्हा न्यायला हवे होते. नेले, आणि मोठी काकू नावानिशी हजर. मी इतकी हरखले की त्यांना शर्ट शिवायला घेतलाय. संगणक भंगारात गेला. उद्या मी नसले तरी फोटोत कोण कोण आहे ते टिप्पणी सांगेल. एकही चूक नाही, असं मी त्यांना छातीठोक सांगितलंय.

तुझी थोरली

ता. क. पायरीवर बसलेल्या दोघींचा फोटो इतरांच्या आधी तू बघ. मी लिहिलंय, 'डावीकडची शांत मुलगी मी, जीभ काढलेली धाकटी.' आईने आपले झगे एकाच मापाचे शिवून तुझा खालून दुमडला होता ना? काल भिंग लावलं. दुमड डावीकडचीला आहे.

ता. क. कुणी विचारलंच, तर जीभ तुझीच म्हणायचं. जावईबापूंना पुन्हा कशाला त्रास.