पाट, प्रमोशन आणि मी

१ जुलै, रविवार
असिस्टंट मॅनेजर झालो! धाटावच्या केमिकल कंपनीत आता स्वतःची केबिन. उद्यापासून वर्क-लाइफ बॅलन्स. संध्याकाळी सातला पेणमध्ये, घरी. वत्सला म्हणाली, शिफ्ट इनचार्ज झालात तेव्हाही हेच म्हणाला होतात. बायकांना मागचं फार आठवतं.
गेली तीन वर्षं गणपतीच्या पूजेला माझ्या जागी मेहुणा बसतो. यंदा मीच बसणार. मैथिलीला सांगितलं. आठवीतली मुलगी, म्हणते कशी, बघू.

९ जुलै, सोमवार
आमच्याकडे घरचा पाट गणपतीच्या कारखान्यात द्यायचा, त्यावरच मूर्ती बसवून आणायची. पाट द्यायची जबाबदारी मी मागून घेतली. पण हिरामणचा कारखाना नऊला उघडतो आणि माझी कंपनीची बस सातला. म्हणून पाट सोबतच नेला. येताना देऊन टाकीन. प्लॅनिंग म्हणतात ते हेच.

२३ जुलै, सोमवार
पाट अजून केबिनमध्ये. प्रिंटर ठेवायला छान उंची मिळाली. ऑपरेटर काळुरामने विचारलं, सायब, ह्यो पाट हितं कशाला? मी म्हटलं, शुभ असतो.
सातला घरी पोचणं जमलं नाही. मॅनेजमेंटमध्ये पहिला महिना सेट होण्यातच जातो.

५ ऑगस्ट, रविवार
आज फोन बंद. म्हणजे सायलेंटवर. म्हणजे व्हायब्रेटवर. जेवताना अकरा कॉल. मैथिली ताट घेऊन आत गेली. वयच तसं आहे.

१९ ऑगस्ट, रविवार
वत्सलाने विचारलं, पाट दिलात? दिला म्हटलं. घरातून तर गेलाच आहे.

७ सप्टेंबर, शुक्रवार
प्रिंटर खाली उतरवला. पाट काखेत मारून थेट हिरामणकडे. वाटेत घाम फुटला होता. साऱ्या जगाला गणपती पुरवणाऱ्या पेणमध्ये आपल्यालाच मूर्ती मिळाली नाही तर?
हिरामण हसायलाच लागला. म्हणाला, तुमचा गणपती कवाच रंगवून तयार हाय. बाईंनी आषाढातच दुसरा पाट आणून दिलान.
याला डेलिगेशन म्हणतात. वत्सलाला तसं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, पूजेला तरी बसाल का, की दादाला बोलावू? मी ठासून सांगितलं, अजिबात बोलावू नकोस. लगेच रजेचा अर्ज लिहायला बसलो.

१३ सप्टेंबर, गुरुवार. गणेश चतुर्थी
रजा मंजूर. सोवळं नेसलो. पूजेला बसलो. मैथिली शेजारी बसली होती, चक्क हसत होती. किती बरं वाटलं!
भटजी दुर्वा मोजत होते. तेवढ्यात वाटलं, प्लांटला एक फोन करावा. दोनच मिनिटं. कमरेला खोचलेला मोबाइल घेऊन मागच्या दारी गेलो. रिअ‍ॅक्टरचं टेम्परेचर विचारलं, पंप विचारला, बॉयलर विचारला. काळुराम म्हणाला, सायब, सगला बराबर चाललाय. आज जेवानपन टायमात झाला. तुमी आरामात या.
परत आलो तर आरती संपलेली. भटजी पुढच्या घरी. आसनावर मैथिली. पूजा तिनेच पुरी केली होती, आणि आता माझ्याकडे बघत नव्हती.
फार वाईट वाटलं. वत्सलाला म्हटलं, उद्याही रजा आहे. काय करू?
म्हणाली, कंपनीत विचारून बघा.