चीनची नात, अमेरिकेचा नातू

जळकोट

रत्नम्मा बाई,

चीनला डाक्टरकी शिकताना तू फोनवर रडतीस, "अज्जी, एका खोलीत सहा पोरी. आंघोळीलाबी आडोसा न्हाई, गळ्यातल्या इष्टलिंगाकडं समद्या बघतेत." तिकडं अमेरिकेच्या कालेजात तुझा भाऊ सिद्धराम रडतोय, खोलीत एकटाच, दिवस-दिवस कोणी हाक मारत न्हाई. इथं हाक मारली तर ओ देत नव्हता मेला! तुमची अदलाबदल करता आली असती तर केली असती.

"बाबांना सांग, मला परत आणा," म्हणालीस. काल तुझा बाप उदगीर जिल्हा करा म्हणून निघालेल्या मोर्चातून आला. रिकामी घागर बघून खालीच बसला. "इथं प्यायला पाणी न्हाई. लेकरं तरी सुखात हायेत न्हवं, अव्वा?"

"लई सुखात," म्हटलं मी.

आता हे पत्र कोणत्या तोंडानं धाडू?

तुझी अज्जी,
गुरम्मा