वर्ग खाली आला

प्रिय आई,

तुझ्या थोरलीचा वाकून नमस्कार. मी वेळेवर जेवते, खोलीही उजेडाची आहे.

नव्या शाळेत शिकवायला गेले, तर पहिल्याच दिवशी पचका झाला. चाकाच्या खुर्चीतल्या एका मुलीला मायेनं उचलून मी जिना चढायला लागले, तर मोठ्या बाई कडाडल्या, "खाली ठेव! तिला विचारलंस?" इथे जिना न चढणारं मूल आलं, की त्याचा अख्खा वर्गच तळमजल्यावर येतो.

बाई स्वतः कुबड्यांवर चालतात. लहानपणी शाळेनं त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. मग त्यांच्या आईनं इतर आया गोळा करून सरकारच्या दारात ठाण मांडलं. कुठल्याही मुलाला शाळा नाकारायची नाही, हा कायदा त्यानंतर झाला. बाई म्हणतात, "कायदा आभाळातून पडला नाही गं, आयांनी ओढून आणला." काय बाई आहे!

धाकटीला अजून तूच कडेवर घेऊन जिना चढतेस ना, वर्गापर्यंत? तुझी कंबर कशी आहे? तू लिहीत नाहीस, म्हणून विचारते. कायदा आपल्याकडेही आहे. उद्या हेडमास्तरांना सांग, वर्ग खाली आणा.

बाईंचा तुला निरोप आहे: "घाबरू नका. ते आधी हसतात, मग बाकं उचलतात."

तुझीच,
थोरली