रिकाम्या खळग्यातले जीवाणू

१४ मार्च, गुरुवार

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. साष्टांग मुद्दाम लिहिलेलं नाही, खुर्चीमुळे तो आपोआपच घडतो आहे. संस्थेने माझी जुनी खुर्ची भंगारात काढून नवी दिली. ही बाईसाहेब सकाळी नऊला ताठ उभी असते आणि दर तासाला चार बोटं खाली जाते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझी हनुवटी टेबलाला लागते. तक्रारीचा अर्ज केला, तर लेखी उत्तर आलं, ‘सदर खुर्चीची उंची नियमानुसार आहे.’ तपासायला आलेला माणूस सकाळी नऊला आला होता.

वहिनीचा गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं असतं, पण तू ‘हं’ म्हणतोस आणि फोन तिच्या हातात देतोस. म्हणून पत्र. ते तरी तिच्या हातात देण्याआधी तुला वाचावं लागेल.

तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘बाकी सर्व ठीक ना?’ असं असतं. बाकी सर्व म्हणजे तुझी मुलगी, एवढं मला कळतं. डॉक्टर होऊन तुझ्या दवाखान्यात बसायचं सोडून भिंगरी आमच्या लॅबमध्ये पीएच.डी.ला आली, त्याला तीन वर्षं होत आली. तू तिला ‘जंतूंची आया’ म्हणालास आणि तिच्याशी बोलणं टाकलंस, त्यालाही तेवढीच. तेव्हा आज बाकी सर्वाबद्दलच लिहिते.

तू रोज लोकांची पोटं दाबतोस, पण पुस्तक मिटून तुला तीस वर्षं झाली, म्हणून सोपं करून सांगते. आतड्याला आतून पेशींचं अस्तर असतं. पेशींचा एकच थर. अलीकडे खाल्लेलं अन्न आणि नाना तऱ्हेचे जीवाणू, पलीकडे आपण. थराच्या मागे रोगप्रतिकारक पेशी बसलेल्या. जीवाणू चालून आले की अस्तराच्या पेशी आणि या मागच्या पेशी एकमेकींना काय कळवतात, हा भिंगरीचा विषय. त्यासाठी जाळीच्या तळाचा, अंगठ्याच्या नखाएवढा कप घ्यायचा. जाळीवर अस्तराच्या पेशी, खालच्या खळग्यात प्रतिकारक पेशी, वरून जीवाणू सोडायचे आणि बघत बसायचं. पेशी वाढवणं आणि त्यांना लागणारं गुलाबी पाणी, ज्याला आम्ही मीडियम म्हणतो, ते तयार करणं हे माझं खातं. सव्वीस वर्षांत माझ्या नावावर एक शेरा नाही, हे तुला मी दिवाणखान्यातल्या दर भांडणात ऐकवलेलंच आहे.

जानेवारीत निकाल आला. प्रतिकारक पेशी नव्हत्या तिथे जीवाणू माजले, होत्या तिथे दहातले नऊ मेले. गाईड मॅडम हसल्या. त्या हसतात हे तेव्हा कळलं. वार्षिक परीक्षणासाठी तक्ते तयार झाले, आणि पाच दिवस आधी तुझी कन्या म्हणाली, “आत्या, एक खळगा प्रतिकारक पेशींच्या नुसत्या मीडियमचा ठेवते. पेशी नाहीत, काही नाही.”

“कोणी मागितलाय?”

“कोणी नाही. पण इतकं छान निघालंय की मला संशय येतोय.”

“बापावर गेलीस. तोही जेवणात मीठ बरोबर पडलं की चौकशी करतो.”

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या खळग्यातले जीवाणूही मेलेले निघाले. लढायला कोणी नव्हतंच, तरी मेले. म्हणजे मारलं ते पेशींनी नव्हे, पाण्याने. त्यात अँटिबायोटिक होतं. एरवी पेशी वाढवताना ते घालतातच, नाहीतर बाहेरचे जंतू शिरतात. पण जीवाणू सोडायच्या प्रयोगात ते अजिबात चालत नाही. प्रतिकारक पेशींबरोबर तेच पाणी खाली गेलं, बाकीच्या खळग्यांत दुसऱ्या बाटलीतलं होतं, म्हणून बरोबर तिथेच जीवाणू मेले. असं कधीकधी होतं.

कोणाला पत्ता लागला नसता, दादा. मॅडमनाही नाही. परीक्षणाला तीन परीक्षक बसले होते, आणि तिने पहिलंच चित्र दाखवलं ते त्या रिकाम्या खळग्याचं. म्हणाली, “माझा जानेवारीचा निकाल मी मागे घेते.” आवाज जराही हलला नाही. मधल्या परीक्षकांनी विचारलं, “मीडियम कोणी तयार केलं होतं?”

“वापरण्याआधी तपासणं माझं काम होतं, सर. मी तपासलं नाही.”

तिच्या नावावर ‘हलगर्जीपणा’ असा शेरा बसला आणि सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षण द्यायचं ठरलं. ती परत आली, हात धुतले, आणि नव्या पेशींची यादी माझ्या टेबलावर ठेवली.

सहा आठवडे तिने सगळं पुन्हा केलं. आताचा निकाल छोटा आहे, पण तीनदा केला आणि तीनदा तोच आला. प्रतिकारक पेशी जीवाणूंना फारसं मारत नाहीत. त्या अस्तराला निरोप धाडतात. मग जीवाणू शिरलेली पेशी शेजारणी बाहेर ढकलतात, आणि तिची जागा रिकामी पडायच्या आत खांद्याला खांदा लावून बुजवतात. थराला भोक पडत नाही, जीवाणू पलीकडे जात नाहीत. भिंगरीने मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, आणि खरं सांगते, मला तू आठवलास. फरक इतकाच, की ती पेशी निदान आजारी तरी असते.

आता ‘असं कधीकधी होतं’ याकडे येते. ते आपोआप होत नाही. ते कोणीतरी करतं.

बाटल्यांची लेबलं आधी लिहून ठेवायची मला खोड आहे. त्या दिवशी सगळ्यांवर ‘अँटिबायोटिक नाही’ लिहिलं. मध्येच कोणीतरी सामानावर सही घ्यायला आलं. परत बसले, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने हाताने प्रतिकारक पेशींच्या बाटलीत अँटिबायोटिक घातलं. बाटलीवर अक्षर माझं होतं. भिंगरीने ते ओळखलं नसेल असं होणार नाही, लहानपणी तिला अक्षरं मीच गिरवायला लावली. परीक्षकांनी नाव विचारलं तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसले होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मला उठणं सोपं गेलं असतं. मी उठले नाही. सगळ्यांचा तिखट शब्दांत समाचार घेणारी तुझी बहीण दीड महिना गप्प बसली.

तू म्हणायचास, पोर हातची गेली. दादा, तिच्यासारखं ताठ उभं राहिलेलं माणूस मी या इमारतीत दुसरं पाहिलेलं नाही, आणि मी ते सगळं मागे बसून पाहिलं आहे. पुढचं परीक्षण जुलैत आहे. बाहेरच्यांना बसता येतं. कोणी ‘आपण कोण’ असं विचारत नाही. विचारलं तर काय सांगायचं, ते तू ठरव.

आज सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या, “निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. आता कशाला?”

मी म्हटलं, “नंतर मला वहीला हात लावू देणार नाहीत.”

लॅबच्या वहीत त्या तारखेखाली मी लिहिलं, ‘मीडियम मी तयार केलं. चूक माझी.’ सही केली. भिंगरीवरचा शेरा काढून माझ्या नावावर घालावा असा अर्ज दिला, मॅडमनी तो माझ्यासमोर पुढे पाठवला. भिंगरी तेव्हा पेशी मोजत होती. तिला सांगितलेलं नाही. ते पान ती कधीतरी उघडेल.

तुझी,
आजपासून एक शेरा असलेली धाकटी